दुरुस्तीत आहे, नंतर यावे

जुन्या सरकारी कागदपत्रांच्या त्या तीन मजली इमारतीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. साहेब म्हणत, शिपाई म्हणत, आणि बायकोही चिडली की म्हणे, "अहो डॉक्टर, घरातला नळ तीन दिवस गळतोय, त्याचीही नाडी बघा एकदा." शिक्षणाची गाडी बारावीपुढे गेली नव्हती. हुद्दा दुरुस्तीकाराचा आणि काम आजारी कागद बरे करायचं. राज्याची जेवढी म्हणून खाती आहेत, तुरुंग, शाळा, रस्ते, धरणं, दवाखाने, त्या सगळ्यांची जुनी दप्तरं शेवटी या इमारतीत येऊन पडायची. कुठलं वाळवीनं खाल्लेलं, कुठलं भिजून वाळलेलं, कुठलं घडीवर तुटलेलं. डॉक्टर ती तळमजल्यावरच्या आपल्या लांब टेबलावर घ्यायचे, मऊ ब्रशनं झाडायचे, पातळ खळ लावून सांधायचे. फाटका कागद ते दोन्ही हातांनी असा उचलत की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. घरी मात्र त्यांच्या हातून महिन्याला एक कप फुटायचा.

नोकरीच्या चौथ्या वर्षी खात्यानं लॅमिनेशनचं यंत्र आणलं आणि डॉक्टरांचे दिवस पालटले. कागदाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म लावायची, तापलेल्या दोन पाट्यांमध्ये दाबायचं, तीन मिनिटं थांबायचं. आत गेलेला जर्जर कागद बाहेर यायचा तो चकचकीत आणि कडक, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा. डॉक्टर तो उजेडात धरायचे, टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "आता शंभर वर्षं बघायला नको." मंत्री आले, परदेशी पाहुणे आले, शाळेच्या सहली आल्या, की साहेब त्यांना आधी तळमजल्यावर आणायचे. आणि डॉक्टर टिचकी मारून तेच वाक्य बोलायचे. बायकोला ते इतकं पाठ झालं होतं की मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाला न्याहाळून ती नवऱ्याच्या कानात म्हणाली, "आता शंभर वर्षं बघायला नको ना?"

फिल्म मोजकीच यायची. म्हणून निवड करावी लागे, आणि निवड डॉक्टर करायचे. जे सगळ्यांत मोलाचं ते आधी. पुरात वाहून गेलेल्या गावांच्या याद्या, कैद्यांची पत्रं, पहिल्या धरणाचे नकाशे. लाडक्या लेकाच्या ताटात आई दोन घास जास्त वाढते, तसंच होतं ते. उरलेलं, कुणी विचारत नसलेलं, म्हणजे रस्त्याच्या खडीची बिलं, कुठल्याशा कचेरीतल्या खुर्च्यांच्या नोंदी, हे सगळं कापडात बांधून मागच्या खोलीत टाकून दिलेलं असायचं.

बावीस वर्षं यंत्र चाललं. मग एक दिवस परिपत्रक आलं की ही फिल्म लावणं ताबडतोब थांबवावं. कारण दिलं होतं ते डॉक्टरांना दोनदा वाचावं लागलं. काही वर्षांनी ती फिल्म आतून आंबते, तिच्यातून आम्ल सुटतं, आणि ज्या कागदाला ती कवटाळून बसली आहे त्यालाच खाते. डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही. बाहेरून आलेल्या शहाण्यांचं काहीतरी, असं म्हणून ते मोकळे झाले. पण दोन उन्हाळे गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या, सगळ्यांत मोलाच्या कपाटांतून आंबट वास यायला लागला. कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे. चकचकीत पानं पिवळी पडली, मग तपकिरी, मग कडांना वळली आणि हात लावला की काचेसारखी कडकन मोडायला लागली. आणि मागच्या खोलीतली ती खडीची बिलं? ती ठणठणीत होती. अजून आहेत. हवी असतील तर आजही कुणी जाऊन वाचावीत.

प्रयोगशाळेच्या नव्या बाई, ज्या रसायनं शिकून आल्या होत्या, त्या एकदा समजुतीनं म्हणाल्या, "डॉक्टर, तेव्हा जगभर हेच करत होते. तुमचा काय दोष?" डॉक्टरांनी मान हलवली. जगाचं काय ते जगानं बघावं. इथली पानं त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या पाट्यांत घातली होती, आणि एकेक निवडून घातली होती. तेव्हापासून त्यांनी टिचकी मारणं सोडलं. लोक डॉक्टर म्हणायचं सोडत नव्हते, त्याला इलाज नव्हता.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा एक बाई आली.

सोमवारची सकाळ होती. खिडकीवरचा कारकून खाली येऊन म्हणाला, "डॉक्टर, वर एक आजीबाई आल्यात. त्यांच्याकडे तुमची चिठ्ठी आहे."

"माझी? मी कुणाला चिठ्ठी दिली?"

"अक्षर तुमचंच आहे. कागद मात्र तुमच्यापेक्षा म्हातारा दिसतोय."

वाचनाच्या खोलीत, पंख्याखालच्या बाकावर ती बसली होती. साठी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीची शिलाई इतकी सरळ आणि बारीक होती की डॉक्टरांची नजर आधी तिथेच गेली.

"तुम्ही शिवलीत?" त्यांनी विचारलं.

"चाळीस वर्षं हेच केलं," ती म्हणाली. "आता डोळे साथ देत नाहीत. सुईत दोरा नातीकडून ओवून घेते. म्हणून म्हटलं, हे एक काम राहिलंय, ते दिसतंय तोवर उरकावं."

तिनं पिशवीतून एक डबी काढली, डबीतून रुमाल, रुमालातून चिठ्ठी. इमारतीत असल्या चिठ्ठ्या रोज दिल्या जायच्या. मागितलेला कागद दुरुस्तीला गेला असेल तर मागणाऱ्याला द्यायची ती चिठ्ठी. वर छापील ओळी, खाली हातानं लिहिलेलं: 'महापूर मदत छावणी, हरवलेल्या मुलांची नोंदवही. दुरुस्तीत आहे. नंतर यावे.' खाली डॉक्टरांची आडवी सही, आणि सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख. तिच्याखाली दोन महिन्यांनंतरची आणखी एक तारीख, पुन्हा 'दुरुस्तीत आहे. नंतर यावे,' आणि पुन्हा तीच सही.

 ती वही डॉक्टरांना चांगली आठवत होती.

"काय बघायचंय तुम्हाला त्यात, ताई?" त्यांनी विचारलं. वयानं मोठ्या बाईला ताई म्हणायची त्यांची जुनी सवय होती.

तिनं सांगितलं, ते अनेकदा सांगून झालेलं असावं तसं, न अडखळता. पूर आला तेव्हा ती आठ वर्षांची होती, धाकटी बहीण चार वर्षांची. आईवडील गेले. वाचलेल्या माणसांना एका शाळेतल्या छावणीत आणून ठेवलं होतं. धाकटीला तहान लागली. हिनं तिला शाळेच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, इथेच बस, हलू नकोस, मी पाणी घेऊन येते. पाण्याची रांग लांब होती. रांगेजवळ मोठ्या मुलांना गाडीत चढवत होते, कुणीतरी हिलाही बखोटीला धरून चढवलं. ही ओरडत होती, पण तिथे सगळेच ओरडत होते. ती दुसऱ्या गावच्या बालगृहात गेली. तिथेच शिवण शिकली, तिथूनच लग्न झालं.

"लहान मुलांना सात बालगृहांत वाटलं होतं," ती म्हणाली. "मी सातही ठिकाणी जाऊन आले. चार बंद पडलीत. उरलेले म्हणतात, मुलीचं नाव सांगा, नाहीतर ती आमच्याकडेच आली होती असा कागद आणा. नाव काय सांगू? घरात सगळे तिला छोटीच म्हणायचे, तिलाही तेच नाव माहीत. पण छावणीत वही होती. मुलगी कुठल्या बालगृहात पाठवली ते त्यात लिहिलेलं असतं. तेवढं एक नाव कळलं की मी बघते पुढचं. असली तर बासष्टीची असेल ती."

"मधे इतकी वर्षं आला नाहीत?"

"दोनदा आले होते ना. मग मालक अंथरुणाला खिळले, अकरा वर्षं. पण मला काळजी नव्हती. म्हटलं, कागद सरकारात आहे, वर दुरुस्तीही चाललीय, म्हणजे चांगल्या हातात आहे. जातोय कुठे."

 डॉक्टरांना आठवत होतं ते असं. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी वही त्यांच्या टेबलावरच होती. पानं सुटलेली, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. उघडून एक ओळ वाचून दाखवायची, पाच मिनिटांचं काम होतं. पण दुरुस्तीतला कागद लोकांना दाखवायचा नाही असा नियम होता, आणि डॉक्टर नियमाचे पक्के होते. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा फिल्म संपली होती म्हणून वही नुसतीच कपाटात वाट पाहत पडली होती. तरीही ती दुरुस्तीतच होती.

"बघतो," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी या."

वही त्यांनी त्याच दिवशी काढली. दुसरा मजला, तिसरं कपाट. कपाट उघडताच नाकाला झोंबलं. पानं तपकिरी होऊन लाटांसारखी वळली होती. त्यांनी खाली आणून, दोन्ही हातांनी, एकेक पान वेगळं केलं. तिसऱ्या पानावर त्यांना ओळ सापडली. क्रमांक एकशे बारा, मुलगी, वय अंदाजे चार, नाव विचारता 'छोटी' सांगते, निळा फ्रॉक, खांद्यावर ठिगळ. काळ्यानिळ्या शाईतलं हे सगळं तपकिरी काचेतून अजून वाचता येत होतं. शेवटी शेराही होता, तोही वाचता आला. 'रवानगी' या रकान्यात मात्र कारकुनानं हातानं लिहिलं नव्हतं. सातही बालगृहांचे रबरी शिक्के होते, ज्याचं मूल त्याचा शिक्का, जांभळ्या शाईत. उष्णतेनं ती शाई फिल्ममध्ये उतरली होती आणि आंबता आंबता पसरली होती. साऱ्या वहीभर, प्रत्येक मुलासमोर, एकेक जांभळा डाग होता.

प्रयोगशाळेच्या बाईंनी जे जे जमत होतं ते सगळं केलं. वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांखाली पान धरलं, फोटो काढले, ते संगणकावर ताणून पाहिले. शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यावर एक जांभळा ठिपका उमटला होता, त्यावर द्रावणाचा थेंब टाकून फिल्म सुटते का ते बघितलं. फिल्म सुटली, आणि तिच्याबरोबर ठिपकाही.

"नको, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आता शाई कागदात नाहीच. ती फिल्ममध्ये आहे. फिल्म काढली तर डागही राहणार नाही."

डॉक्टरांनी तरी हात टेकले नाहीत. छावणीच्या नोंदीची कार्बन प्रत ठेवायची पद्धत असे, हे त्यांना माहीत होतं. कार्बनमधून शिक्का उतरत नाही, म्हणून दुय्यम प्रतीवर कारकून बालगृहाचं नाव पेन्सिलनं लिहायचे. पेन्सिलला काही होत नाही. पेन्सिल म्हणजे दगड. दोन दिवस त्यांनी मागची खोली पालथी घातली, खडीची बिलं आणि खुर्च्यांच्या नोंदी बाजूला सारत. प्रत सापडली नाही. तिसऱ्या दिवशी सापडली ती नष्ट केलेल्या कागदांची यादी. त्यात ओळ होती: 'छावणी नोंदी, दुय्यम प्रत. मूळ नोंदवही लॅमिनेशन करून कायमस्वरूपी सुरक्षित केली असल्याने ठेवण्याचे प्रयोजन नाही.' शिफारस करणाऱ्याची सही आडवी होती.

त्या संध्याकाळी घरी जेवताना बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" डॉक्टर म्हणाले, "बरा आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "एका बाईला मी सव्वीस वर्षं थांबवलं आणि तेवढ्यात तिचा कागद मारून टाकला." बायको चेष्टा करायला तोंड उघडणार होती, तिनं हातातला डाव खाली ठेवला. ताट तसंच राहिलं. नळ गळत होता.

"माफी मागा," शेवटी ती म्हणाली.

"मागेन की. तिनं काय करायचं तिचं?"

सोमवारी ती वेळेआधी आली. इस्त्रीचे कपडे घालून आली होती, कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखी. डॉक्टरांनी नक्कल आधीच तयार ठेवली होती. मूळ कागदातली ओळ जशीच्या तशी उतरवून, खाली सही करून द्यायची असते ती. उतरवताना शेरा गाळावा असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण छत्तीस वर्षं जसंच्या तसं उतरवत आलेला हात, तो काही वळला नाही.

ते बाकावर तिच्या शेजारी बसले. आधी वही तिच्यापुढे उघडून ठेवली. तिनं चष्मा पुढेमागे केला, मग त्या जांभळ्या डागावर नखाचं टोक टेकवलं. शिवणारीचं नख होतं, कडेला सुईचे व्रण असलेलं.

"इथे होतं?"

"हो. इथेच होतं."

"मग हे असं कशानं झालं? पाणी गेलं का?"

"पाणी नाही. मी हे पान टिकावं म्हणून फिल्ममध्ये घातलं. तेव्हा वाटायचं, शंभर वर्षं टिकेल. त्या फिल्मनंच शाई ओढून घेतली." त्यांनी वही तिच्याकडे जरा सरकवली. "दुसरी एक प्रत होती. त्यात नाव पेन्सिलनं लिहिलेलं असणार. ती मी काढून टाकायला सांगितली. ही आहे म्हणून."

 मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "मी पहिल्यांदा आले तेव्हा हे वाचता येत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. कोण तपासायला येणार होतं?

"येत होतं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही वेळा."

पंखा फिरत होता. खिडकीवरचा कारकून कुणालातरी फोनवर कचेरीच्या वेळा सांगत होता. तिनं डबी उघडली, बंद केली.

"आणखी काय लिहिलंय तिचं?" ती म्हणाली. "वाचून दाखवा. मला नीट दिसत नाही."

डॉक्टरांनी वाचलं. क्रमांक, वय, नाव, फ्रॉक. ठिगळावर ती म्हणाली, "लाल होतं. आईनं माझ्या फ्रॉकचं कापून लावलं होतं." मग ते शेऱ्यापाशी आले आणि थांबले. गेल्या सोमवारी तिच्याशी बोलताना सहज तोंडात आलेला ताई हा शब्द आता त्यांना कागदावरून वाचायचा होता.

"वाचा ना," ती म्हणाली.

"शेरा. 'पायरीवरून उठण्यास तयार नाही. ताईने बसायला सांगितले आहे असे म्हणते. सकाळपासून काही घेतले नाही. अखेर उचलून गाडीत ठेवावे लागले.'"

तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. फक्त मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बसून राहिली म्हणजे," ती म्हणाली. आणि मग, "मीही तशीच. तुम्ही नंतर या म्हणालात, मी थांबले."

डॉक्टरांनी माफी मागितली. बायकोनं सांगितलं होतं म्हणून नाही, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. तिनं ऐकून घेतली. असू दे म्हणाली नाही, आणि रागावलीही नाही. रागावली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

खिडकीवर नियमाप्रमाणे जुनी चिठ्ठी परत घ्यायची असते. कारकुनाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'मागणी पूर्ण' असा शिक्का ठोकला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. जांभळी शाई होती, अक्षर न् अक्षर स्वच्छ. मग त्यानं नक्कल तिच्या हातात दिली. रवानगीच्या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शिक्का वाचता येत नाही.'

डॉक्टर तिला दारापर्यंत सोडायला गेले. पायऱ्या उतरण्याआधी ती थांबली, नक्कल उघडून डोळ्यांजवळ नेली आणि शेऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"एवढं तरी आहे माझ्याकडे तिचं," ती म्हणाली. "समोरच्या दुकानात लॅमिनेशन करतात. करून घेते. टिकेल ना मग?"

डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद दोन्ही हातांनी घेतला, घडीवर घडी घातली आणि परत दिला.

"नका करू," ते म्हणाले. "साध्या कापडात गुंडाळून ठेवा."

ती हो म्हणाली. तिनं नक्कल रुमालात बांधली, रुमाल डबीत ठेवला, आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरून गेली.